उजव्या हाताचे जीव

सलोमी उजगरेनं तो आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिनं आपल्याच यंत्राला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. एकोणीस वर्षं ज्याच्यासाठी खस्ता खाल्ल्या, त्यानं ऐन वेळी दगा दिला असंच तिला वाटलं. तिनं चहा बाजूला सारला, पदर खोचला आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतली.

२०४७ सालचा फेब्रुवारी महिना होता. मंगळवार, सकाळचे अकरा. पुण्याबाहेरच्या ग्रहविज्ञान संस्थेत शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावरून ताजी मोजमापं उतरत होती. हा चंद्र एवढासा, की पुणे ते नागपूर अंतरात सहज मावावा. वरून सगळा बर्फ, बर्फाखाली खारट पाण्याचा समुद्र. दक्षिण ध्रुवावर बर्फाला लांबच लांब भेगा पडल्या आहेत आणि त्यांतून समुद्राचं पाणी फवाऱ्यासारखं अवकाशात उडत असतं. भारतानं पाठवलेलं 'सागरिका' यान त्या फवाऱ्यांतून फेऱ्या मारत होतं आणि बर्फाचे कण टिपून सलोमीच्या यंत्राला भरवत होतं.

त्या यंत्राचं काम एकच. डावं-उजवं ओळखणं.

सजीवांची प्रथिनं ज्या विटांनी बांधलेली असतात त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. यातल्या जवळपास प्रत्येक विटेची दोन रूपं असतात, आपल्या दोन हातांसारखी. दिसायला सारखीच, पण डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसत नाही तसं त्यांचं आहे. निर्जीव खडकात किंवा उल्केत ही आम्लं तयार झाली तर दोन्ही रूपं साधारण निम्मी-निम्मी निघतात. जीव मात्र एकच हात धरून बसतो. पृथ्वीवर जंतूपासून देवमाशापर्यंत सगळ्यांच्या प्रथिनांनी डावा हात धरला आहे. आणि सलोमीच्या समोरच्या आलेखात शंभरातल्या सत्त्याण्णव विटा उजव्या होत्या.

डाव्या निघाल्या असत्या तर यानाला पृथ्वीवरूनच काही चिकटून गेलं असेल, असं म्हणता आलं असतं. उजव्यांना तशी पळवाट नव्हती. तिनं आठ दिवस घेतले. चार वेगवेगळ्या फवाऱ्यांतले नमुने तपासले. चारही वेळा तेच. शिवाय त्या कणांत मेदाच्या पातळ पापुद्र्याच्या इवल्याइवल्या पिशव्या दिसल्या, काही तर दुभंगताना.

नवव्या दिवशी ती मोहिमेचे प्रमुख डॉ. विश्राम केळुसकर यांच्या खोलीत गेली. केळुसकर चौसष्ट वर्षांचे, उंच, कोरड्या स्वभावाचे. त्यांनीच तिला नगरच्या कॉलेजातून उचलून इथं आणलं होतं.

"सर, जिवंत आहे," ती म्हणाली.

केळुसकरांनी कागद पाहिले, मग टेबलाची कड धरली. "आणि आपल्या नात्यातलं नाही," ते हळूच म्हणाले.

"नाही. आपल्याशी काही संबंध नाही. वेगळं, स्वतंत्र सुरू झालेलं."

बाहेर येऊन ती जिन्यात बसली. काहीतरी म्हणावंसं वाटत होतं. शेवटी ओठांवर आली ती घरी जेवणाआधी म्हणत तीच आभाराची प्रार्थना. ती तिनं म्हटली आणि कामाला गेली.

सलोमी बावन्न वर्षांची होती, एकटी होती, आणि दर शनिवारी संध्याकाळी पुण्याहून विजेच्या एसटीनं नेवासा तालुक्यातल्या घोगरवाडीला जात असे. तिथं तिचे वडील राहत. रेव्हरंड याकोब उजगरे, चौऱ्याऐंशी वर्षांचे, निवृत्त पाळक. गावातल्या दगडी चर्चमध्ये सलोमी उपासनेआधी मुलांची रविवारची शाळा घेई. बावीस वर्षांत तिनं हा नेम क्वचितच मोडला होता.

बातमी जगभर झाली त्याच्या पुढच्या रविवारी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांचे प्रमुख बनसोडे गुरुजी दारातच तिची वाट पाहत उभे होते. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात छत्री.

"जय ख्रिस्त, सलोमीबाई. एक सरळ विचारतो. प्रभू वधस्तंभावर मेला, तो त्या जीवांसाठीही मेला का?"

"मला माहीत नाही, गुरुजी."

"त्यांना आत्मा आहे का?"

"तेही माहीत नाही. जंतूंएवढे आहेत ते. त्याहून मोठं काही तिथं असेल तर आम्ही अजून पाहिलेलं नाही."

"मग पोरांनी विचारलं तर काय सांगणार?"

"मला माहीत नाही असंच सांगेन."

गुरुजींचा चेहरा ओढल्यासारखा झाला. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेला माणूस. "ज्याला माहीत नाही त्यानं फळ्यापुढं उभं राहू नये," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, माझी बायको, मार्था, गेली तेव्हा मी एकाच गोष्टीवर तग धरला. एवढ्या मोठ्या जगात देवाचं माझ्याकडं लक्ष आहे. तुम्ही आता तिकडं गर्दी वाढवून ठेवली."

 सलोमीला त्यांचा राग यायला हवा होता, तो आला नाही. पंचांनी ठरवलंच होतं. काही महिने वर्ग दुसऱ्या कुणी घ्यावा. तिनं हजेरीची वही त्यांच्या हातात दिली आणि उपासनेला मागच्या बाकावर जाऊन बसली. निघून जाईल असं ज्यांना वाटलं होतं ते मागं वळून वळून बघत राहिले. ती शेवटच्या गीतापर्यंत बसली, आणि पुढच्या रविवारीही येऊन तिथंच बसली.

खरा पेच पुढे होता.

सागरिकेच्या पोटात 'डुबकी' नावाचं एक छोटं यंत्र होतं. भेगेत सोडलं की बर्फ वितळवत वितळवत खाली समुद्रात उतरणारं. केळुसकरांनी आयुष्याची चोवीस वर्षं त्यात घातली होती. सागरिकेचं इंधन जूनपर्यंतच पुरणार होतं. त्याआधी डुबकी सोडायची, नाहीतर ती पोटात घेऊनच यान शनीच्या वातावरणात जाळून टाकायचं, असे दोनच मार्ग होते. मोहिमेच्या नियमांत एक कलम होतं: जीव सापडला, तर डुबकी सोडण्याआधी ग्रह-संरक्षण समितीच्या पाचही जणांची संमती हवी. हे कलम केळुसकरांनी स्वतः लिहिलं होतं. समितीतली पाचवी सलोमी होती.

मार्चमध्ये संस्थेतली सूक्ष्मजीवतज्ज्ञ फरीदा मुजावर तिच्याकडे आली. डुबकीची एक हुबेहूब जुळी पुण्यातच निर्वात कोठीत, तशाच थंडीत ठेवलेली होती. यान उडाल्यावर अकरा वर्षांनी फरीदानं ती उघडून तपासली होती.

"काही जंतू वाईट दिवस आले की स्वतःला बियांसारखे कडक कवचात कोंडून घेतात," ती म्हणाली. "बीजाणू म्हणतो आपण त्यांना. उडण्याआधी आपण डुबकी भट्टीत तापवली, ते बहुतेक मेले. पण तारांच्या वेष्टणाखाली काही राहिलेत. मी त्यांना कोमट खारं पाणी दिलं, थोडा हायड्रोजन दिला. म्हणजे तिथल्या समुद्रात आहे तेच."

"आणि?"

"एकसष्ट उगवले."

दोघींनी मिळून गणित केलं. डुबकीमुळे त्या समुद्रात पृथ्वीचे जंतू रुजण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी असावी, असा दंडक होता. आता ती सत्तरात एक निघत होती. समितीतल्या चौघांनी आकडे पाहिले आणि धोका पत्करण्याजोगा आहे असं म्हटलं. सत्तरात एकोणसत्तर वेळा काही होणार नव्हतं. आणि खाली काय आहे ते माणसाला पहिल्यांदाच दिसणार होतं. मतदान एप्रिलच्या सोळा तारखेला ठरलं.

त्याआधीच्या रविवारी सलोमी वडिलांसमोर बसून त्यांची नखं कापत होती. सकाळचं कोवळं ऊन ओसरीवर आलं होतं.

"पप्पा, मी नाही म्हणणार आहे."

म्हाताऱ्यानं हात मागं घेतला. "का?"

तिनं सगळं सांगितलं. एकसष्ट बीजाणू, सत्तरात एक.

"सलू, मी रोज सकाळी रेडिओ लावतो तो त्यासाठीच गं," याकोब म्हणाले. "आयुष्यभर मी लोकांना सांगितलं, देवाच्या करणीला अंत नाही. आता बघायची वेळ आली. माझी किती वर्षं राहिलीत? मला बघून जायचंय. देवानंच दार उघडलंय आणि तू ते लावायला निघालीस."

हे तिला अपेक्षित नव्हतं. पाठराखण मिळेल म्हणून ती आली होती. 

"तुमच्या आजोबांची गोष्ट तुम्हीच प्रवचनात पुलपिटावरून सांगायचात, पप्पा. मिशनरी साहेब पहिल्यांदा आपल्या वस्तीवर आला ती."

"त्याचं काय?"

"तो आत आला नाही. तीन दिवस शिवेवरच्या बाभळीखाली बसून राहिला. का, तर कुणी बोलावलं नव्हतं म्हणून. चौथ्या दिवशी तुमच्या आजोबांनी हाक मारली. त्याआधी आपल्या वस्तीत लोक शिरायचे ते न विचारताच. पाटलाचा माणूस, फौजदार, सगळेच. हा एकच थांबला."

"ते खरं. पण हे जंतू काय हाक मारणार?"

"नाही मारणार. म्हणून तर आपल्यालाच थांबायला हवं."

याकोबांनी अंगणाकडे तोंड फिरवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते रागाचं की कशाचं हे तिला कळलं नाही.

"तू मला विचारायला आलीस की सांगायला?"

"सांगायला."

"मग उरलेली नखं काप," ते म्हणाले आणि हात पुढे केला. दिवसभर त्यांनी तिच्याशी दुसरं काही बोलणं केलं नाही.

सोळा तारखेला सकाळी केळुसकरांनी तिला आपल्या खोलीत बोलावून घेतलं. ते रात्रभर झोपले नसावेत असं दिसत होतं.

"सलोमी, तुझं मत मला कळलंय. एकच सांगतो, रागावू नकोस. आपला स्पर्श झाला तर ते बाटतील, म्हणून आपण लांब राहायचं. ही भाषा कुणाबद्दल वापरली जायची? तुझ्याच आजा-पणजांबद्दल ना? विटाळाचा कायदा तू चालवावास?"

तिची कानशिलं तापली. एकोणीस वर्षांत त्यांनी तिच्या जातीचा उल्लेख एकदाही केला नव्हता. ती उठून जाणार होती. पण तिनं खुर्ची घट्ट धरली आणि बसून राहिली.

"सर, माझ्या पणजोबांच्या सावलीनं कुणी मेलं नव्हतं. ते कुणी मोजून पाहिलंच नाही, कारण मोजलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं. आम्ही मोजलंय. एकसष्ट. तुम्ही स्वतः काचेखाली पाहिलेत."

केळुसकरांनी मान खाली घातली.

"आणि दुसरं," ती म्हणाली, "विटाळ मानणारे आम्हाला बाहेर ठेवत होते. मी त्यांना बाहेर ठेवत नाहीये. ते त्यांच्या घरात आहेत. मी मला बाहेर ठेवतेय."

"आणि सत्तरात एकोणसत्तर वेळा काहीच होणार नसेल तर?"

"सत्तराव्या वेळी काय होईल? आख्ख्या विश्वात आपल्याला ठाऊक असलेला दुसरा एकच जीव, आणि तो आपल्या तारेच्या वेष्टणातल्या घाणीनं मरेल. सर, मी देवाला मानते. ते मी समितीत बोलणार नाही, तिथं आकडेच मांडीन. पण तुम्हाला सांगते. ज्यानं मला घडवलं त्यानंच ते घडवलं असेल, तर त्याच्या हातचं काम मी सोंगट्यांसारखं डावावर लावणार नाही."

दुपारी तीन वाजता मतदान झालं. चार विरुद्ध एक. कलमाप्रमाणे डुबकी रद्द झाली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या वाहिन्यांवर तिचा फोटो होता. 'ख्रिस्ती शास्त्रज्ञानं धर्मासाठी विज्ञान रोखलं.' तिला हजारो लोकांनी शिव्या दिल्या. संस्थेच्या उपाहारगृहात ती बसली की शेजारच्या खुर्च्या रिकाम्या व्हायच्या, फक्त फरीदा डबा घेऊन समोर येऊन बसायची. केळुसकर कामापुरतं बोलत, तेही चिठ्ठी पाठवून.

घोगरवाडीत मात्र उलटंच घडलं. मेच्या पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर बनसोडे गुरुजी पुढे आले. हातात शाल, पुष्पगुच्छ.

"मंडळी," ते म्हणाले, "आपल्या सलोमीबाईंनी मोठं धैर्य दाखवलं. पृथ्वीबाहेर जीव आहे असं म्हणणाऱ्यांचा शोध त्यांनी तिथंच थांबवला. पवित्र शास्त्राची लाज राखली. त्यांचा वर्ग आपण त्यांना सन्मानानं परत देतो."

टाळ्या सुरू झाल्या. सलोमी मागच्या बाकावरून उठून पुढे गेली. आता गप्प राहिलं तर सगळं सोपं होतं. बावीस वर्षांचा वर्ग परत मिळत होता, आणि अख्ख्या महाराष्ट्रात तिच्या बाजूनं बोलणारी माणसं बहुधा या चार भिंतींतच होती. तिनं शाल घेतली नाही.

"गुरुजी, तुमचा गैरसमज झालाय. तिथं कुणी नाही म्हणून मी थांबवलं नाही. तिथं कुणीतरी आहे म्हणून थांबवलं." तिनं मंडळीकडे तोंड वळवलं. "ते आहेत. मी पाहिलेत. ते देवाचे आहेत, आपल्याआधीपासूनचेही असतील. त्यांच्याबद्दल शास्त्रात एक ओळ नाही, म्हणून मलाही काही ठाऊक नाही. एवढं सांगून वर्ग देणार असाल तर द्या. नाहीतर मी मागं बसते."

 गुरुजी शाल हातात घेऊन तसेच उभे. तरुण पाळक साहेब आपल्या पुस्तकाची पानं उगाच चाळत होते.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून काठीचा आवाज आला. याकोब उजगरे उठत होते. त्यांना उठायला वेळ लागे, पण कुणी हात दिलेला त्यांना चालत नसे. उभे राहिल्यावर त्यांनी डोळे मिटले. जुना पाळक डोळे मिटतो म्हटल्यावर सगळ्या मंडळीनं माना खाली घातल्या.

"हे बापा," ते म्हणाले, "शनीच्या चंद्रावर तुझी काही लेकरं आहेत. आम्ही त्यांना बघितलेलं नाही. मला बघायचं होतं, माझ्या पोरीनं बघू दिलं नाही, आणि ती बरोबर आहे. तू त्यांना सांभाळ. त्यांच्यामुळं आमच्याकडं तुझं लक्ष कमी होईल अशी कुणाला भीती वाटत असली, तर त्याची भीती घालव. येशूच्या नावानं मागतो."

"आमेन," सगळ्या मंडळीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. बनसोडे गुरुजींच्याही. स्वतःचाच आवाज कानावर आल्यावर ते दचकले, मग शाल घडी करून बाकावर ठेवली. वर्गाबद्दल त्या दिवशी काही ठरलं नाही. पुढच्या रविवारी मुलंच मागच्या बाकावर तिच्याशेजारी येऊन बसली.

जूनच्या नऊ तारखेला सागरिका शनीच्या ढगांत शिरली. तिचा शेवटचा संदेश पृथ्वीवर पोचायला तासाहून अधिक वेळ लागला. तो आला तेव्हा यान केव्हाच राख झालं होतं आणि डुबकीही. नियंत्रण कक्षात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. केळुसकर खिडकीशी उभे होते. मग ते कुणाशीही न बोलता निघून गेले. महिनाअखेर ते निवृत्त झाले, निरोप समारंभालाही आले नाहीत.

सलोमीनं जुलैत एक नवा प्रस्ताव लिहायला घेतला. नवी डुबकी, जिच्यावर एकही बीजाणू राहणार नाही अशी. हे कसं करायचं ते जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. फरीदा म्हणाली, वीस वर्षांचं काम आहे. सलोमी म्हणाली, मग आजच लागायला हवं. चार संस्थांनी नकार कळवला. पाचवीनं उत्तरच दिलं नाही. ती सहावीसाठी मसुदा नीट करत बसली होती तेव्हा दार वाजलं.

केळुसकर होते. दाढी वाढलेली, काखेत जाड फाइल. त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. खुर्ची ओढली, बसले, तिचा मसुदा उचलून वाचू लागले. पाऊण तास खोलीत पान उलटल्याचाच आवाज होता.

"तापवण्याचा भाग चुकलाय," शेवटी ते म्हणाले. "तापमान वाढवलंस तर आतली मोजयंत्रं जातील. मुळात तारच नको. आतला सगळा निरोप प्रकाशानं पाठवता येईल." त्यांनी फाइल उघडली. आत नवी रेखाटनं होती, पेन्सिलनं काढलेली, खाडाखोड केलेली, तारखांसकट. पहिली तारीख होती जूनची दहा.

सलोमीनं त्या तारखेकडे पाहिलं. 

"पोचणार कधी धरलंयस?" त्यांनी विचारलं.

"दोन हजार एक्क्याऐंशी."

केळुसकरांनी मनातल्या मनात आपलं वय मोजलं. तिचंही मोजलं असावं. मग खिशातून पेन काढलं, मसुद्याच्या पहिल्या पानावर तिच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं आणि म्हणाले, "चल, दुसऱ्या प्रकरणापासून बघू."